केरळची सहल : डोंगर, बंदर आणि कायल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला प्रवासाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी जन्मभर मुलांना इतिहास-भूगोल शिकविला. तेव्हा प्रवास रंगवून सांगण्यापेक्षा तो आखावा कसा, हे सांगणेच मला अधिक शोभेल. नाताळच्या सुटीत केरळास जावे, अशी आपल्यातील अनेक कुटुंबांची इच्छा असते. हाती दिवस थोडे. बरोबर आजी-आजोबा आणि लहान मुले. अशा वेळी एखाद्या प्रवासी कंपनीचे पत्रक पुढे येते आणि त्यात चार दिवसांत अकरा स्थळे दाखविण्याचे वचन असते. परिणाम असा होतो की, वडीलधाऱ्यांना घरी ठेवावे लागते, किंवा नेले तर त्यांना दिवसभर गाडीत बसवून ठेवावे लागते. माझी विनंती अशी की, अकरांतली आठ स्थळे निःशंकपणे खोडावी आणि तीनच ठेवावी : मुन्नारचे डोंगर, कोचीचे बंदर आणि आलप्पुळा, म्हणजे आपल्या जुन्या भूगोलातील अलेप्पी, येथील कायले. समुद्रालगतच्या खाऱ्या-गोड्या पाण्याच्या विस्तीर्ण जलाशयास मल्याळी लोक कायल म्हणतात.

ही तीन स्थळे ह्याच क्रमाने पाहावी, असाही माझा आग्रह आहे. कारण ती पाण्याने एकमेकांशी बांधलेली आहेत. मुन्नारमधून वाहणारी मुतिरपुळा नदी पुढे पेरियार नदीस मिळते. ह्याच पेरियारला १३४१ साली मोठा पूर आला, तेव्हा कोडुंगल्लूरचे पुरातन बंदर गाळाने भरले व कोचीचे मुख मोकळे झाले, असे मानले जाते. कोचीस समुद्राला मिळणारा वेंबनाड जलाशय दक्षिणेस आलप्पुळापर्यंत पसरला आहे. मुलांना हे आधी नकाशावर दाखवावे. मग डोंगर उतरताना तीच विचारू लागतील की, आता नदी कोणत्या बाजूस आहे?

आता आखणी. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाल्यापासून मुंबईहून एर्नाकुलमपर्यंतचा प्रवास सुमारे एका अहोरात्रीचा झाला आहे. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, त्या दिवशी आळस करू नये. गाडीतून उतरल्याबरोबर घाट चढण्याची घाई मात्र करू नये. मुन्नार एर्नाकुलमहून सुमारे १३० किलोमीटर असले, तरी वळणांच्या रस्त्यामुळे चार तास सहज लागतात. थकलेल्या माणसास अशा रस्त्यात गाडी हमखास लागते. म्हणून पहिली रात्र एर्नाकुलममध्येच विसावा घ्यावा आणि सकाळी हलका फराळ करून निघावे.

मुन्नारला दोन रात्री पुरेत. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवरील ह्या गावी डिसेंबरात कडक थंडी असते; लोकरीचे कपडे विसरू नयेत. एरविकुलमच्या राष्ट्रीय उद्यानात नीलगिरी ताहर ही दुर्मिळ रानशेळी दिसते. वनखात्याची बस वरपर्यंत नेते, त्यामुळे वृद्धांचीही सोय होते. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये, विणीच्या काळात, हे उद्यान बहुधा बंद असते. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी २०१८ साली येथे फुलली होती. पुढचा बहर २०३० साली यावयाचा आहे. चहाच्या मळ्यांसाठी येथे एकेकाळी छोटी आगगाडीही धावत होती. १९२४ च्या महापुराने ती नष्ट केली व पुन्हा कोणी उभारली नाही.

नंतर कोचीस परतून दोन रात्री राहावे. बंदरात बेटाबेटांना जोडणाऱ्या होड्यांत २०२३ पासून जलमेट्रोची भर पडली आहे. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी आणि ज्यू लोकांचे १५६८ चे प्रार्थनामंदिर शनिवारी बंद असते. तेव्हा वार पाहूनच दिवस ठरवावा. राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून राजास दिला. त्याच्या भिंतींवरील रामायणाची चित्रे सावकाश पाहण्याजोगी आहेत. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये १५२४ साली वास्को द गामास पुरले होते. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या.

मट्टनचेरीत आपल्या मंडळींनी आणखी एका गोष्टीकरिता अर्धा दिवस राखून ठेवावा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धार्मिक छळामुळे पुष्कळ कुटुंबांनी गोवा सोडला. आपल्यापैकी ज्यांची कुलदैवते गोव्यात आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. त्यांतील काही कुटुंबे समुद्रमार्गाने दक्षिणेस येऊन कोचीच्या राजाच्या आश्रयास राहिली. येथील तिरुमल देवस्वम् हे त्यांचे प्रमुख मंदिर. त्यांचे वंशज आजही घरी कोंकणी बोलतात. डच अधिकारी व्हान ऱ्हेड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध करविला. त्याच्या कामी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात त्यांचे कोंकणी भाषेतील प्रमाणपत्र नागरी अक्षरांत आहे. घरदार टाकून आलेल्या लोकांनी शे-सव्वाशे वर्षांत परमुलखात विद्येच्या बळावर एवढी मान्यता मिळविली, हे आपल्या मुलांनी त्या गल्लीत उभे राहून ऐकावे.

शेवटची रात्र आलप्पुळास. कोचीहून अंतर सुमारे ५५ किलोमीटर. येथील तट्ट्याच्या छपराच्या मोठ्या नावा, म्हणजे केट्टुवळ्ळम्, पूर्वी भात व मसाले वाहून नेत. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवण्याची ती रीत होती. हल्ली त्यांची तरती घरे झाली आहेत. रात्री कोळ्यांची जाळी पाण्यात असतात, म्हणून सायंकाळी नाव काठास लागते. तिची तक्रार करू नये. ज्यांना हा खर्च झेपणारा नाही, त्यांनी मुळीच हिरमुसू नये. राज्याच्या जलवाहतूक खात्याच्या बोटी गावकऱ्यांना घेऊन त्याच कायलातून अल्प भाड्यात जातात, आणि शाळेची मुले, भाजीच्या टोपल्या, घरांच्या पायऱ्या हे सारे त्यांतूनच अधिक जवळून दिसते. कुट्टनाडची भातशेते समुद्रसपाटीच्या खाली आहेत. बांध घालून व पाणी उपसून तेथे पीक काढतात. गोव्यातील खाजणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती ओळखीची वाटतील. ऑगस्ट २०१८ च्या पुरात हा सारा प्रदेश बुडाला आणि लोकांना घरे सोडावी लागली. पाणी ओसरल्यावर त्यांनी पुन्हा बांध घातले व पेरणी केली.

सहा रात्री आणि रेल्वेचे दोन दिवस, एवढ्यात हे सर्व बसते. घरातील सर्वांत अशक्त माणसास झेपेल तेवढाच दिवसाचा कार्यक्रम ठेवावा, म्हणजे कोणासही घरी ठेवून जावे लागणार नाही. येत्या नाताळात ज्यांचा बेत असेल, त्यांनी रेल्वेचे वेळापत्रक व नकाशा घेऊन अवश्य माझ्याकडे यावे. आपण बसून तारखा नक्की करू.