शाळेमागची बैठक



माझी पोलिसातली बरीचशी नोकरी रायगड जिल्ह्यात झाली. निवृत्त होऊन काही वर्षं उलटली, तरी पेणच्या बाजारात भाजी घेताना किंवा रोह्याच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना माणसं गाठून एकच गोष्ट सांगतात. "साहेब, शाळेमागे रोज रात्री पोरं पीत बसतात. शिव्या काय, बाटल्या फोडणं काय. एकदा चांगला चोप द्यायला सांगा ना." एवढं बोलून झालं की खिशातून मोबाइल निघतो. "ही बघा क्लिप."

म्हणून आज क्लिपपासूनच सुरुवात करतो. ती क्लिप गावाच्या ग्रुपवर टाकू नका.

सकाळपर्यंत ती चार ग्रुपवर फिरते आणि पोलिसांच्या आधी दारू विकणाऱ्याला मिळते. तो चार दिवस हात आखडता घेतो, पोरं जागा बदलतात. गस्तीची गाडी येते तेव्हा तिथे फुटक्या काचा आणि शेंगदाण्याच्या पुड्या. मग तुम्हीच म्हणता, पोलीस काही करत नाहीत!

पेण तालुक्यातल्या गणेशमूर्तिकारांच्या एका गावातला मुलगा मला आठवतो. सोळा वर्षांचा. शाळा सुटली की कारखान्यात मूर्ती घासायला जायचा. हंगामाचे पैसे हातात पडले, त्या रात्री मोठ्या पोरांनी त्याला पाजली. भिंतीला टेकून ओकतानाची त्याची अर्ध्या मिनिटाची क्लिप कुणीतरी नावासकट टाकली. तिसऱ्या दिवशी त्याची आई ठाण्यात आली. तक्रार द्यायला नाही. तिने फोन टेबलावर ठेवला आणि विचारलं, "दादा, हे पुसता येतं का?"

नाही येत हो. मुलगा कारखान्यात जायचा बंद झाला, शाळेतही जाईना. ज्यांनी पाजली ते मात्र क्लिपमध्ये कुठेच नव्हते.

बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ सांगतं की गुन्ह्याच्या प्रकरणात सापडलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाचं नाव, शाळा किंवा फोटो कुठल्याही माध्यमातून उघड करायचा नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे पोरगं राहील बाजूला आणि ठाण्याची पायरी तुम्हीच चढाल.

"मग पुरावा?" असं विचारतात. पुरावा जवळ ठेवा, अधिकाऱ्याला दाखवा. आणि तो मिळवायला रात्री साडेदहाला पोरांच्या तोंडावर मोबाइलचा उजेड मारू नका. प्यायलेल्या वीस वर्षांच्या पोराला तो उजेड दिसला की तो अंगावर येतो. साध्या गोंधळाची मारामारी मी अशीच होताना पाहिली आहे. दोन्हीकडची डोकी फुटलेली, आणि मूळ तक्रार काय होती ते कुणालाच आठवत नाही.

फोन ११२ वर करा. हा फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलतात आणि तिथून जिल्ह्याकडे येतो. तिथे बसलेल्या मुलीला "शाळेमागे, पिंपळाजवळ" यातलं काय कळणार? आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग खूण. किती जण आहेत, हातात काही आहे का, गाड्या किती. वडखळ पेण तालुक्यात असलं तरी तिथलं ठाणं वेगळं. कोलाड आणि नागोठणं रोहा तालुक्यातली, त्यांचीही ठाणी वेगळी. हद्दीचा घोळ तुम्ही घालू नका, गाव नीट सांगा. आणि आपलं नाव त्या पोरांना कळायला नको असेल तर तसं स्पष्ट बोला.

आता चोप. पोलिसांना तो अधिकार नाही, तुम्हालाही नाही. अठराखालचा मुलगा कोठडीत जात नाही. त्याच्यासाठी प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याला भेटा.

चोपापेक्षा, त्याला दारू दिली कुणी ते विचारा. अठराखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्याच कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आणि "आता अठरा झाला, त्याला कोण अडवणार" म्हणणाऱ्या वडिलांनो, महाराष्ट्रात बिअरला एकवीस पूर्ण लागतात, देशी-विदेशी दारूला पंचवीस. २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीचा अपघात झाला, तेव्हा बऱ्याच जणांना हे पहिल्यांदा कळलं.

अठराखालच्या पोराच्या हातात मोटरसायकलची किल्ली देणारे पालकही तुरुंगात जाऊ शकतात, एवढंच सांगतो. दुकान बंद करायला महिलांचं मतदान असतं, आडवी बाटली म्हणतात ते. तो वेगळ्या भाषणाचा विषय.

एक मात्र विचारतो. तुमच्या बीट अंमलदाराचं, म्हणजे तुमचा भाग सांभाळणाऱ्या पोलिसाचं, नाव काय? मोर्चाला पन्नास माणसं येतात, पण हे नाव पन्नासातल्या एकालाही सांगता येत नाही. अरे, ज्याला ओळखत नाही त्याच्यावर चिडून काय होणार! रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात. त्या वेळी गर्दी सावरायला पुढे असणारी पोरं पुष्कळदा शाळेमागे बसणारीच असतात. तिथे ज्या हवालदाराने त्यांना नावाने हाक मारलेली असते, तो महिन्याभराने शाळेमागे गेला तर पोरं नुसत्या त्याच्या खोकल्याने उठतात. मी पाहिलंय.

तेव्हा बीट अंमलदाराला आधीच भेटा. धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी पोरांचा पगार कधी होतो, पेणच्या मूर्ती रवाना झाल्यावर पैसे कधी वाटले जातात, हे तुम्हाला ठाऊक असतं, आणि बैठक त्याच रात्री भरते. तो नुकताच बदलून आला असेल तर त्याला हे कोण सांगणार?

सकाळी शाळेमागचा कचरा काढताना सगळ्या बाटल्या भंगारात टाकू नका. लेबल शाबूत असलेली एखादी बाजूला ठेवून त्याला दाखवा. लेबलवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असेल, तर ती बहुधा चोरून आलेली असते, आणि ते काम राज्य उत्पादन शुल्क विभागाचं. काच उचलताना हातात जाड पिशवी घाला. आणि त्या बाटलीचा फोटो काढलात, तर तोसुद्धा ग्रुपवर नको.