टपावरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. मोटारीनेही आता तोच कित्ता गिरवला आहे. टपावर आडव्या पट्ट्यांचे कॅरिअर, आणि त्या कॅरिअरवर घडी करून बसवलेला तंबू. मुक्कामाला पोचलात की पट्टे सोडायचे, घडी उलगडायची, शिडी टेकवायची, की झाली वर निजायची सोय. गादी आत अंथरलेलीच असते. असा तंबू घेण्याचा विचार तुमच्या घरात चालला असेल, तर माझे म्हणणे एवढेच की, तो लहान घ्या. का, ते सांगतो.

ही कल्पना तशी जुनी आहे. इटलीत १९५८ च्या सुमारास असे तंबू बाजारात आले. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पूर्व जर्मनीत, सॅक्सनी भागात, गेरहार्ड म्युलर नावाच्या गृहस्थांनी ट्राबांट मोटारीसाठी असा तंबू तयार केला. ट्राबांट म्हणजे दोन सिलिंडरांची, २६ अश्वशक्तीची चिमुकली गाडी. तिच्या टपावर माणसे झोपली आणि सुट्टी घालवून सुखरूप घरी आली. यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, तिथे गाडी आधी होती आणि तिला पेलेल असा तंबू मागाहून आला. आपल्याकडे पुष्कळदा उलटे होते. तंबू आधी पसंत पडतो आणि गाडीचा विचार दुकानातून बाहेर पडल्यावर सुचतो.

टपावर झोपायचे तरी कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारणे आहेत. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर साध्या तंबूची खुंटी ठोकून पाहा; खुंटी वाकेल, पण आत जाणार नाही. शिवाय त्याच कातळावर फुरश्याचा वावर असतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. टपावरच्या तंबूला खुंटी लागत नाही. जमीन ओली असो, खडकाळ असो, अंथरूण कोरडे आणि सपाट राहते. मात्र गाडी उभी करण्यापुरती सपाट जागा हवी.

आता मुख्य हिशेबाकडे वळू. गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका कपाटातून काढा आणि टपावर किती किलो भार चालतो, तो आकडा शोधा. लहान आणि मध्यम गाड्यांत तो बहुधा ५० ते ७५ किलोंच्या घरात असतो. काहींत त्याहून कमी. टपावर ओझे ठेवू नये असे लिहिलेले असेल, तर विषय तिथेच संपला. समजा, आकडा ७५ आहे. यात कॅरिअरचे वजनही धरायचे असते. कॅरिअर ८ किलोंचे असेल, तर उरले ६७. दोघांचा लहान तंबू साधारणपणे ४५ ते ६० किलोंचा असतो, तो यात बसतो. तिघाचौघांचा मोठा तंबू ७० ते ९० किलोंपर्यंत जातो, तो बसत नाही. कॅरिअरचीही स्वतःची मर्यादा असते. दोन्हींतली जी कमी, ती खरी.

इथे एक शंका हमखास निघते. “अहो, पण आम्ही दोघं वर चढलो की दीडशे किलो वाढले, त्याचं काय?” शंका रास्त आहे. पुस्तिकेतला आकडा चालत्या गाडीसाठी असतो. चालत्या गाडीला खड्डे बसतात, ब्रेक लागतात, वळणे येतात. दर हिसक्याला ते ओझे आपल्या वजनापेक्षा जास्त जोराने टपाला ओढते. गाडी उभी असली की वजन नुसते खाली दाबते, आणि तेवढे टप पुष्कळ अधिक पेलू शकते. उलगडून गाडीबाहेर येणाऱ्या तंबूत तर बाहेरच्या भागाचा भार शिडीवाटे जमिनीवर उतरतो. तरीही अंदाजावर विसंबू नका. काही कंपन्या उभ्या गाडीचा आकडा वेगळा देतात. दिलेला नसेल, तर गाडीच्या कंपनीला लेखी विचारा. दुकानदाराचे “काही होत नाही साहेब” हे उत्तर नव्हे.

आता घाटात चला. समजा, गाडी १२०० किलोंची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरांवर आहे. पावणेदोन मीटर उंचीवर, टपावर, ५० किलो ठेवले की तो जवळजवळ ५ सेंटिमीटर वर सरकतो. ८० किलो ठेवले तर साडेसात. आकडा क्षुल्लक वाटतो. पण वरंध्याच्या किंवा आंबेनळीच्या वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, तेव्हा हे सेंटिमीटरच तिला आणखी झुकवतात. ज्या वळणावर तुमचा हात बसलेला आहे, तिथे गाडी परक्यासारखी वागू लागते. आत मुले बसलेली असतात, हे विसरू नये.

वाऱ्याचेही तसेच. वेग ताशी ६० किलोमीटरांवरून ९० वर नेला, तर वाऱ्याचा दाब दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. रुंद आणि उंच घडी म्हणजे तेवढे मोठे शीड. इंधन जास्त जळते, आडवा वारा आला की सुकाणू हातात खेचते. अरुंद, बुटकी घडी हे सारे कमी करते.

घरचा विचार वेगळाच. वर्षातून चार-सहा मुक्काम झाल्यावर तंबू उतरवून ठेवायचा असतो. ५० किलोंचा तंबू दोन धडधाकट माणसे उतरवतात. ८० किलोंच्या तंबूसाठी शेजारच्यांना हाक मारावी लागते. पावसात भिजलेला तंबू घडी करून तसाच ठेवला, तर बुरशी धरणारच. लहान तंबू चाळीच्या गॅलरीतही वाळतो.

लहान तंबूत गैरसोय नाही का? आहे, आणि ती आधीच पारखून घ्यावी. त्याची रुंदी १२० सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे माणशी जेमतेम दोन फूट. दुकानात पाच मिनिटे पडून याचा अंदाज येत नाही. घरी फरशीवर खडूने १२० बाय २१० सेंटिमीटरांचा चौकोन आखा, त्यात गादी घाला आणि दोघे एक रात्र झोपून पाहा. सकाळी दोघांचीही बोलाचाली शाबूत असेल, तर तंबू घ्यायला हरकत नाही! मुले मोठी असतील, तर चौघांसाठी मोठा तंबू टपावर चढवण्यापेक्षा दोघे वर आणि दोघे शेजारी साध्या तंबूत, हे परवडते. लहान मुलांना वर एकटे ठेवू नये. जमिनीपासून उंची माणसाहून कमी नसते. आणि गुडघे दुखत असतील, तर रात्री दोनदा शिडी उतरणे कसे जमेल, हे स्वतःलाच विचारावे.

लहान जागेत हवा लवकर कोंदते. श्वासाची वाफ कापडावर जमते आणि पहाटे थेंब तोंडावर पडतात. म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. थंडी कितीही असो, आत शेगडी, स्टोव्ह किंवा निखारे कदापि नेऊ नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

शेवटी चार किरकोळ पण कामाच्या गोष्टी. तंबू बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून घ्या; गाडीत मनाजोगे फेरफार करायला कायद्याची आडकाठी असते. बसवल्यावर पहिल्या ५० किलोमीटरांनंतर थांबून नटबोल्ट पुन्हा आवळा. गाडीची नवी उंची मोजा आणि चाकाजवळ चिकटवून ठेवा. तळघरातल्या वाहनतळाची तुळई तुमच्या आठवणीवर थांबत नाही. आणि राखीव जंगलात किंवा संरक्षित किल्ल्यावर परवानगीवाचून मुक्काम करू नका.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. पण मोटारीच्या बाबतीत त्याआधी एक पायरी आहे: टप पाहून अंथरूण घ्यावे. पुस्तिकेतला तो एक आकडा पाहायला पाच मिनिटे लागतात. दुकानात जाण्यापूर्वी तेवढी काढा.