तोटी आहे, पण पाणी येतं का? लॅपटॉप घेण्याआधी



शेळी घेताना आपण तिचे दात बघतो, कास बघतो, चार पावलं चालवून बघतो. शिलाई मशीन घेताना दुकानातच एक टीप मारून बघतो. आता गटाच्या बैठकीत लॅपटॉपसाठीही कर्जाची मागणी येऊ लागली आहे. तिथं मात्र आपण गप्प बसतो. दुकानदार बोलतो, घरातला मुलगा बोलतो, आणि हप्ता आपल्या नावावर पडतो. म्हणून आज लॅपटॉप, त्याला जोडायचा पडदा म्हणजे मॉनिटर, आणि या दोघांना जोडणाऱ्या वायरी यांच्याबद्दल बोलूया.

आधी पैशांचा हिशोब. समजा, गटातून ४०,००० रुपये घेतले. २० महिन्यांची मुदत, उरलेल्या रकमेवर महिन्याला शेकडा २ व्याज. पहिला हप्ता २,८०० रुपये आणि वीस महिन्यांत एकूण व्याज ८,४०० रुपये. त्याच अटींवर ६०,००० घेतले तर पहिला हप्ता ४,२०० आणि एकूण व्याज १२,६००. म्हणजे २० हजारांनी महाग लॅपटॉप आपल्याला २४,२०० रुपयांनी महाग पडतो. तेवढ्या पैशांचं काम घरात आहे का, हा पहिला प्रश्न.

त्यासाठी घरातल्या सगळ्यांनी बसून कामांची यादी करायची. गटाचे हिशोब, फॉर्म भरणं, मुलीचा कॉलेजचा अभ्यास, ऑनलाइन तास, मराठी टायपिंग, अगदी प्रोग्रामिंग शिकणं, या कामांना साधा लॅपटॉप पुरतो. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, रॅम ८ जीबी. रॅम म्हणजे ओटा. ओटा मोठा असेल तर एका वेळी चार भांडी मांडून काम करता येतं. दुसरी, साठवण एसएसडी प्रकारची, निदान २५६ जीबी. ही आपली फडताळं. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल तर मशीन सुरू व्हायलाच वेळ घेतं. एसएसडी असली की साधा लॅपटॉपही झटपट चालतो.

व्हिडिओ जोडण्याचं काम, घराचे थ्रीडी आराखडे किंवा मोठे गेम असतील, तरच वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. किंमत वाढते ती मुख्यतः तिथं. "अभ्यासाला गेमिंग लॅपटॉपच लागतो" असं मुलानं सांगितलं, तर कोणत्या विषयाला, कोणत्या सॉफ्टवेअरला, एवढं विचारा. नाव सांगितलं की कॉलेजच्या शिक्षकांना फोन करून खात्री करता येते.

जुना लॅपटॉप घेणार असाल तर एक तारीख लक्षात ठेवा. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले. बँकेचं, गटाच्या पैशांचं काम करायचं तर विंडोज ११ चालणारं मशीन हवं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर त्याच्या नंबरवरून अंदाज येतो. आय ५ नंतर ८२५० असेल, तर तो आठव्या पिढीचा. १०२१० असेल तर दहाव्या. ६३०० असेल तर सहाव्या. साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या मशीनवर विंडोज ११ रीतसर चालतं. दुकानात "आय ५ आहे" एवढंच सांगतात. ताई, आय ५ हे घराण्याचं नाव झालं, पिढी कितवी ते विचारा. सहाव्या पिढीचं मशीन अगदी स्वस्त मिळत असेल, तर त्यावर लिनक्स नावाची मोफत प्रणाली टाकून इंटरनेट आणि लिखाण होतं. पण तुमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी बघायला हवं.

आता वायरींकडे वळू. सगळ्यात जास्त फसगत इथं होते. लॅपटॉपच्या कडेला ज्या खाचा असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पडद्यासाठी चार प्रकारच्या खाचा आपल्याला भेटतात.

पहिली व्हीजीए. बहुतेक वेळा निळी, पंधरा पिनांची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली. १९८७ सालची ही पद्धत. यातून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. जुन्या मॉनिटरला आणि शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरला हीच असते.

दुसरी एचडीएमआय. चपटी, खालचे दोन कोपरे कापलेले. आपल्या घरच्या एलईडी टीव्हीच्या मागे हीच असते. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून जातो.

तिसरी डिस्प्लेपोर्ट. दिसायला एचडीएमआयसारखी, पण तिचा एकच कोपरा कापलेला असतो. चांगल्या मॉनिटरवर आणि ऑफिसातून आलेल्या जुन्या कंप्युटरवर ही सापडते.

चौथी यूएसबी-सी, जिला आपण टाइप-सी म्हणतो. आजच्या मोबाइलच्या चार्जिंगची लांबट गोल खाच. उलटीसुलटी कशीही लावा, बसते. आणि हिच्याबद्दलच नीट ऐकायचं आहे.

गावात नळ आले. प्रत्येक दारात तोटी बसली. पण तोटी बसली म्हणजे पाणी आलं असं नाही, हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? मागे पाइप कुठं जोडलाय, त्यावर सगळं अवलंबून. टाइप-सी ही तशी तोटी आहे. तिच्यातून तीन गोष्टी येऊ-जाऊ शकतात : माहिती, वीज आणि पडद्याचं चित्र. एका लॅपटॉपच्या टाइप-सीमधून तिन्ही जातात. दुसऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या टाइप-सीमधून फक्त माहिती जाते. त्याला मॉनिटर लावला तर पडदा काळाच राहील. खाचेकडे बघून हे कळत नाही.

खाचेशेजारी कधी खूण असते. विजेच्या बाणाची खूण म्हणजे थंडरबोल्ट, ज्यातून चित्रही जातं. इंग्रजी पी आणि डी एकमेकांत गुंतवल्यासारखी खूण म्हणजे डिस्प्लेपोर्टचं चित्र जातं. पण खूण नसतेच असे कितीतरी लॅपटॉप असतात. म्हणून दुकानात तीन वेगळे प्रश्न विचारायचे. या टाइप-सीमधून मॉनिटरला चित्र जातं का? याच खाचेतून लॅपटॉप चार्ज होतो का? होत असेल तर किती वॉटचा चार्जर लागतो? साध्या लॅपटॉपला बरेचदा ४५ किंवा ६५ वॉट लागतात. मोबाइलच्या १८-२० वॉटच्या चार्जरवर तो चार्ज होणार नाही किंवा मुंगीच्या गतीनं होईल.

वायरीचंही तसंच. मोबाइलबरोबर आलेली टाइप-सी वायर चार्जिंग करते, पण तिच्यातून मॉनिटरचं चित्र जाईलच असं नाही. दोन्ही टोकं सारखी, किंमत मात्र वेगळी, ती त्यामुळेच.

खाच जुळत नसेल तर मधे कन्व्हर्टर लावतात. कन्व्हर्टरला दिशा असते, जशी पिठाच्या चक्कीला असते. वरून दाणे टाकले तर खाली पीठ येतं, उलट होत नाही. एचडीएमआयचा लॅपटॉप आणि व्हीजीएचा मॉनिटर असेल तर "एचडीएमआयकडून व्हीजीएकडे" असा कन्व्हर्टर मागायचा. उलट दिशेचा घेतला तर पैसे वाया. तसंच, लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून चित्र बाहेर जातं, आत येत नाही. सेट टॉप बॉक्स किंवा गेमचा डबा लॅपटॉपला जोडून त्याच्या पडद्यावर बघू, असं कोणी म्हटलं, तर ते होणार नाही.

मॉनिटर घ्यायलाच हवा का? घरात एलईडी टीव्ही असेल तर एक एचडीएमआय वायर आणून गटाच्या बैठकीत हिशोब सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवता येतो. रोज वाचायला मात्र टीव्ही फार बरा नाही. बत्तीस इंची बऱ्याच टीव्हींवर ठिपके कमी असतात, त्यामुळे जवळून अक्षरं फाटकी दिसतात. रोजच्या कामाला २२ ते २४ इंची, फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा मॉनिटर डोळ्यांना सोपा जातो. आणि पडदा फुटलेला लॅपटॉप घरात पडून असेल तर तो भंगारात घालण्याआधी मॉनिटरला जोडून बघा. आतलं मशीन धड असेल तर टेबलावरचा कंप्युटर म्हणून अजून कामाला येतो.

आता गेमबद्दल. मुलं म्हणतात, १४४ हर्ट्झचा मॉनिटर हवा. हर्ट्झ म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. साधा मॉनिटर ६० वेळा बदलतो, आणि अभ्यासाला, सिनेमाला तेवढं भरपूर झालं. १४४ चा फायदा भराभर हलणाऱ्या खेळात होतो. पण त्यासाठी लॅपटॉपनं तेवढी चित्रं काढायला हवीत, खाचेनं आणि वायरीनं ती वाहून न्यायला हवीत, आणि मॉनिटरनं दाखवायला हवीत. यातलं एक कमी पडलं की बाकीच्यांवर घातलेले पैसे पाण्यात. आणि ऑनलाइन खेळ मधेच अडकतो तो बरेचदा नेटमुळे. महाग लॅपटॉपनं गावातलं नेट सुधारत नाही. घरात वायफाय असेल तर जाड भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झची लहर जास्त पोचते, ५ गिगाहर्ट्झची जवळ बसल्यावर वेगवान असते. राउटरपासून सरळ लॅनची वायर ओढली तर सगळ्यात स्थिर.

खेळ वाईट नाही. पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे, हे मुलांच्या कानावर घालून ठेवा.

विजेचाही विचार करा. साधा लॅपटॉप ५० वॉट धरला आणि रोज चार तास चालवला, तर महिन्याला सहा युनिट होतात. गेमिंग लॅपटॉप खेळताना १५० वॉट घेत असेल तर तेवढ्याच वेळात अठरा युनिट. वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. मॉनिटर लगेच बंद पडतो. टेबलावरच्या कंप्युटरला तर यूपीएस घ्यावाच लागतो, तो खर्च आधीच धरा. आणि तीन पिनांच्या प्लगची एक पिन काढून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये लावू नका. अर्थिंग आपल्याच जिवासाठी असतं.

दुकानात जाताना मुलीला सोबत न्या, आणि घरी मॉनिटर असेल तर त्याच्या मागच्या खाचांचा फोटो न्या. पैसे देण्याआधी लॅपटॉप त्यांच्या मॉनिटरला जोडून दाखवायला सांगा. जुना असेल तर चार्जर काढून अर्धा तास चालवा आणि बॅटरी किती उतरते ते बघा. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. "टाइप-सीमधून चित्र जातं" असं तोंडी सांगितलं असेल, तर तेही बिलावर लिहायला लावा. लॅपटॉप, मॉनिटर आणि चार्जर तिन्हींवर आपल्याकडे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. आर या अक्षरानं सुरू होणारा तो नंबर बीआयएस केअर या मोबाइल अॅपवर तपासता येतो. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

शेवटची गोष्ट दुकानाबाहेरची. लॅपटॉप घरी आला की तो आपोआप मुलाच्या खोलीत जातो, आणि मुलीला रात्री भांडी झाल्यावर मिळतो. आईच्या तर वाट्यालाच येत नाही. कर्ज गटाचं, हप्ता आईचा. म्हणून गटानं कर्ज मंजूर करतानाच विचारावं, की लॅपटॉपवर कोण किती वेळ बसणार? वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीला लावा. त्यात मुलीचा वेळ दिवसाउजेडी असू द्या आणि तुमचा स्वतःचाही अर्धा तास असू द्या. सुरुवातीला त्यात गटाची वही उतरवून काढा, हात आपोआप बसेल.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत चार ओळी लिहून ठेवा : काम कोणतं, पिढी कितवी, टाइप-सीमधून काय काय जातं, आणि कोण कधी वापरणार. ज्या ताई लॅपटॉपसाठी कर्ज मागतील, त्यांना हे चार प्रश्न प्रेमानं विचारा. उत्तरं मिळाली की सह्या करायला हरकत नाही.