पात आणि पत्र

आज मुखेडच्या बाजारातून येताना भाजीवालीनं हाळी दिली, "कांद्याची पात घ्या, पात!" मनात म्हटलं, कीर्तनाला विषय मिळाला. हसू नका. सावता महाराजांना अरणच्या मळ्यात देव दिसला. आपल्याला बाजारात निदान शब्द तरी दिसावा.

कांदा म्हणजे संस्कृतातला 'कंद', जमिनीत पोसणारा. अन् 'पात' कुठली? संस्कृतात 'पत्र', प्राकृतात 'पत्त', मराठीत 'पात'. हस्ताचा हत्थ अन् हत्थाचा हात झाला ना, तसंच. बेलपत्र, तुळशीपत्र, पत्रावळ अन् कांद्याची पात, सगळ्या एका घरच्या लेकी.

आता माझी एक चूक सांगतो. चाळिशीत होतो. कार्तिकीला पायी चाललो होतो. लातूरच्या पुढं एका बांधावर खुरपणाऱ्या बाया जेवायला बसल्या होत्या. एक म्हातारी उठली, फडक्यातली अर्धी भाकर अन् दोन पाती पुढं केल्या. म्हणाली, "खा महाराज, दुसरं काही नाही बघा." मी फटकारलं, "चातुर्मास आहे, कळत नाही का?" तिनं हात मागं घेतला. पाती फडक्याखाली झाकल्या, जणू चोरीच केली.

नेम खोटा होता का? नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण वर्ज्य. म्हणून तर दोन दिवस आधी कांदेनवमीला घरोघर कांद्याची भजी होतात. पण नेम माझ्या जिभेला होता, तो मी तिच्या भाकरीला लावला. भाकर घ्यायची, पात हात जोडून परत द्यायची. एवढंच करायचं होतं!

रात्री मुक्कामाला गीतेचा नववा अध्याय उघडला. भक्तानं प्रेमानं दिलेलं मी स्वीकारतो, असं सांगून देव चार वस्तूंची नावं घेतो. पान, फूल, फळ, पाणी. पहिलं नाव कोणतं? पत्र! पोथीवर बोट ठेवून तसाच बसलो. कांदा नैवेद्याला चालत नाही, हे खरं. पण देव आधी देणाऱ्याचा हात बघतो, अन् तो हातच मी झिडकारला होता.

पुढच्या वर्षी तोच बांध गाठला. ती माउली दिसली नाही. क्षमा मागायची राहिली, ती आज तुमच्यापुढं मागतो.

मंडळी, नेम पाळा, कडक पाळा. पण दुसऱ्याच्या भाकरीवर बोट ठेवून पाळू नका.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!