नोंदीची भाषा



१ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यास जोडला गेला, आणि पवारांचे देवास ज्यात आधीच विलीन झाले होते तो मध्य भारत मध्य प्रदेशात सामावला. आजच्या देवास जिल्ह्यातील सतवासच्या मराठी माणसाची खसरा-खतौनी हिंदीत असते. लिपी नागरी, म्हणून स्वतःचे व वडिलांचे नाव त्याला वाचता येते. चूक झाली तर तो तीवर बोट ठेवू शकतो.

आमच्या शेतकऱ्याचे काय? सातबाराच्या जागी कानडी पहाणी आली, पुढे ती संगणकावर चढली. आडनाव कानडीत जाऊन परत येताना एक काना जरी हरवला, तरी वारसनोंद अडते, पीककर्ज अडते. मराठी चार इयत्ता शिकलेला माणूसही त्या कागदापुढे निरक्षर ठरतो आणि दुसऱ्याने सांगितलेल्या जागी सही करतो. कानडी भाषेशी आमचे वैर नाही. पण न वाचलेल्या कागदावर विश्वास ठेवा, हे कोणत्या न्यायाने सांगावे?

ज्या भागात अल्पसंख्य भाषिक १५ ते २० टक्के आहेत तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत काढाव्यात, असे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनपत्रातच सुचविले होते. घटनेचे ३५० वे कलम तर संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल लागेल तेव्हा लागो. तोवर अर्ज मराठीत द्या, पोच मागा, आणि ती पोच घरच्या पेटीत जपून ठेवा.