शत्रूची मुलं



मुलांसाठी काम करणारी बाई दिसली की लोक लगेच ‘मातृहृदय’ म्हणतात. मला या शब्दाचा राग येतो. इंग्लंडच्या एग्लंटाइन जेब अविवाहित होत्या. शिक्षिकेची नोकरी त्यांनी लवकरच सोडली. मुलांची त्यांना फारशी आवडही नव्हती. पण १९१८ मध्ये युद्ध थांबल्यावरही दोस्तांनी नाकेबंदी उठवली नाही. जर्मनी-ऑस्ट्रियातली मुलं उपाशी मरत होती. शत्रूची मुलं! १९१९ मध्ये जेबबाईंनी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात त्यांच्यासाठी पत्रकं वाटली. सेन्सॉरची परवानगी नव्हती. अटक झाली, पाच पौंड दंड झाला. (तेवढे पैसे सरकारी वकिलानंच त्यांना दिले!) त्याच वर्षी बहीण डोरोथी बक्स्टनसह त्यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ काढली.

पण वर्गणी आज येते, उद्या आटते. जेबबाईंनी मुलांच्या हक्कांचा पाच कलमी जाहीरनामा लिहिला. संकटात मदत आधी मुलाला, वंश-राष्ट्र-धर्म न पाहता. १९२४ मध्ये राष्ट्रसंघानं तो स्वीकारला. पुढे १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला; भारतानं तो १९९२ मध्ये मान्य केला. अंगणवाडीचा आहार बंद पडला की आम्ही तहसील कचेरीत जातो, तेव्हा त्याची प्रत सोबत नेतो.