निसटलेल्या कणांचा हिशेब



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला याच इमारतीत गणित शिकविले. त्यांच्यापुढे वही तपासायला ठेवावी, त्या भावनेने मी आज माझ्या अभ्यासविषयाबद्दल बोलणार आहे. विषय साधा आहे: धूळ.

बेळगावकरांना ओतशाळा नवीन नाहीत. आपल्या उद्यमबागेत थंड झालेल्या ओतिवाभोवतीचा वाळूचा साचा फोडला की धुळीचा लोट उठतो. तो पंख्याने ओढून पत्र्याच्या ज्या शंक्वाकृती पात्रात सोडतात, त्याला सायक्लोन म्हणतात. १८८५ साली अमेरिकेत जॉन फिंच यांनी त्याचे पेटंट घेतले. त्या काळी पिठाच्या गिरण्यांतील धूळ ही मोठी चिंता होती. १८७८ मध्ये मिनियापोलिस येथील वॉशबर्न गिरणीत पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन अठरा माणसे प्राणास मुकली होती.

सायक्लोनच्या पात्रात हलणारा एकही भाग नसतो. हवा बाजूने, भिंतीलगत आत शिरते आणि गरगरत खाली उतरते. कणाला केंद्रोत्सारी प्रेरणा भिंतीकडे ढकलते, तर मध्याकडे वळणारी हवा आत ओढते. पहिली प्रेरणा कणाच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते, दुसरी केवळ व्यासाच्या. म्हणून मोठा कण भिंतीला लागून तळाच्या डब्यात घसरतो. सूक्ष्म कण मात्र हवेबरोबर मधल्या नळीतून वर निघून जातो.

संशोधनाच्या उमेदीच्या काळात एका ओतशाळेसाठी मी असा सायक्लोन आखला. आत गेलेल्या दर शंभर किलो धुळीपैकी त्र्याण्णव किलो डब्यात सापडली. मालक खूश, मीही खूश. तेवढ्यात एका वयस्कर कामगाराने मला छपरातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेपाशी नेले. तिच्यात असंख्य कण तरंगत होते. तो म्हणाला, "साहेब, ही धूळ तुमच्या डब्यात का जात नाही?"

माझ्यापाशी उत्तर होते, पण ते लाजिरवाणे होते. दहा मायक्रॉनच्या एका कणाचे वजन एक मायक्रॉनच्या हजार कणांइतके असते. एक मोठा कण पकडला आणि दहा सूक्ष्म निसटले, तरी वजनाने यश नव्याण्णव टक्के. मोजून पाहिले तर अकरांत एक! माणसाच्या उंचीवरून दहा मायक्रॉनचा वाळूचा कण स्थिर हवेत सुमारे तीन मिनिटांत खाली बसतो. एक मायक्रॉनच्या कणाला चार तासांहून अधिक लागतात. तोवर तो कोणाच्या तरी श्वासात जातो, फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतो, आणि त्यात सिलिका असेल तर वर्षानुवर्षांच्या अशा श्वासांनी सिलिकोसिस जडतो. तो बरा होत नाही.

त्या दिवशी मला सर आठवले. शाळेचा निकाल पंच्याण्णव टक्के लागला की गावभर पेढे वाटले जात. सर मात्र सायकल काढून उरलेल्या पाच टक्क्यांच्या घरी जात. "टक्केवारी शाळेची असते, नापास होतो तो मुलगा असतो," असे ते म्हणत.

पुढे त्या ओतशाळेत सायक्लोननंतर कापडी पिशव्यांचा गाळणसंच बसविला. माझ्या अहवालांतही मी तेव्हापासून एकच आकडा देत नाही; कोणत्या आकाराचे किती कण पकडले आणि किती सुटले, हे ओळीने लिहितो.

शेवटी एक गोष्ट सांगतो. कामगाराच्या श्वासातील धूळ मोजताना त्याच्या गळपट्टीजवळ अवघ्या दहा मिलिमीटर व्यासाचा सायक्लोन लावतात. तो मोठे कण बाजूला काढतो आणि सूक्ष्म कण पुढच्या गाळणकागदावर जाऊ देतो. मग वजन होते ते त्या कागदाचे. एरवी जे निसटले म्हणून सोडून देतो, नेमके तेच तिथे तोलले जाते.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुम्ही जे यंत्र, जी योजना वा जी संस्था उभाराल, तिचा हिशेब करताना हा कागद आठवा. सरांनी आयुष्यभर तोच तोलला.